द्राक्षखोडाची धुरी: केटल ग्रीलसाठी लाकूड तयार करण्याच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: मखमलाबाद शिवार, नाशिक. ग्रील: ५७ सेंमी व्यासाची झाकणाची केटल, म्हणजे कोळशाची गोल शेगडी. उद्देश: विकतच्या परदेशी हिकरी-ओकच्या पाकिटांऐवजी जिल्ह्यात फुकट जळून जाणारं लाकूड मांस-पनीरला धुरी देण्यासाठी नीट तयार करणं.

७ एप्रिल २०२४

दिंडोरी तालुक्यातल्या एका मोडलेल्या बागेतून थॉमसन जातीच्या द्राक्षाची खोडं आणली, साधारण एक क्विंटल. काढणी उरकली की उत्पन्न घटलेल्या बागा याच दिवसांत मोडतात. पुढे खरड छाटणीची (काढणीनंतरच्या छाटणीची) घाई सुरू झाली की खोडं बांधावर पेटवून मोकळं होतात, म्हणून मार्चअखेर ते एप्रिल याच काळात विचारणा करायची.

छाटणीच्या काड्या घेतल्या नाहीत. अंगठ्याएवढी काडी निखाऱ्यावर दोन-तीन मिनिटांत भडकून संपते. मक्याचं कणीस भाजताना मूठभर टाकायला ती ठीक, पण झाकण लावून दोन-चार तास धुरी द्यायची तर किमान ५ सेंमी जाडीचं खोड हवं.

खोडं घेतानाच निवड केली. खोडकिड्याची छिद्रं असलेलं प्रत्येक खोड बाद, कारण त्या छिद्रांत कीटकनाशक सोडलेलं असण्याची शक्यता मोठी. वाळवीने पोखरलेलं बाद. मांडवाची तार किंवा खिळा आत गेलेला असेल तर तेवढा भाग कापून टाकला. करवतीचं पातं वाचतं आणि गंजलेलं लोखंड विस्तवात जात नाही. जमिनीलगतचा डॉगरिज खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम केलेलं असतं तो भाग) घट्ट आणि वजनदार असतो. धुरीला तो चांगलाच, फक्त साल आणि गाठींत माती-खडे अडकलेले असतात, ते आधी तारेच्या ब्रशने काढावे लागतात.

८ एप्रिल

साल काढली. इतर झाडांच्या लाकडाला साल ठेवायची की काढायची यावर वाद घालता येईल, द्राक्षाला नाही. मोरचूद-चुन्याचे फवारे आणि खोडाला लावलेली बोर्डो पेस्ट वर्षानुवर्षं सालीवरच बसते. शिवाय द्राक्षाची साल सुटी, तंतूंसारखी असते. विस्तवावर ती आधी पेटते आणि जळक्या कागदासारखा वास देते. कोयत्याच्या पाठीने ओरबाडली की पट्ट्या निघून येतात. पांढुरकी-निळसर छटा उरली तर तेवढा भाग तासून काढायचा.

कापणी: लांबी ७ ते ८ सेंमी. ६ सेंमीपर्यंतची खोडं तशीच, त्याहून जाड असतील तर मधून उभी फोडून. मुठीत मावेल असा तुकडा हे माप पुरेसं आहे. सुकल्यावर एक तुकडा ९० ते १३० ग्रॅम भरतो. छोट्या ढलप्या मुद्दाम केल्या नाहीत. त्यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने फार मोठा, त्यामुळे त्या एकदम धूर सोडतात आणि एकदम संपतात. गॅसच्या ग्रीलवर डबीत घालून वापरायला त्या बऱ्या. कोळशावर मुठीएवढा तुकडा कडेने हळूहळू जळत पाऊण तास ते तासभर धूर देतो.

९ एप्रिल

ओलावा मोजला. एकाच खोडातून शेजारी-शेजारी दोन तुकडे कापले. पहिला १४६ ग्रॅम. तो ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून दर दोन तासांनी वजन घेतलं. ९८ ग्रॅमवर काटा थांबला. म्हणजे पाणी ४८ ग्रॅम, कोरड्या लाकडाच्या ४९ टक्के.

दुसरा तुकडा ४१२ ग्रॅमचा मोठा ओंडका. हा जळणार नाही, ढिगाबरोबर सुकणार. ४१२ ला १.४९ ने भागलं की त्याचं कोरडं वजन सुमारे २७६ ग्रॅम. धुरीला १५ ते २० टक्के ओलावा हवा, म्हणजे हा ओंडका ३१८ ते ३३२ ग्रॅमच्या दरम्यान आला की ढीग तयार. ओलावामापक यंत्राच्या सुया फक्त वरचा थर मोजतात, आणि वरचा थर नेहमीच आधी सुकतो. साध्या वजनकाट्याची ही पद्धत जास्त भरवशाची.

तुकडे कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत सैल भरून पत्र्याच्या शेडखाली टांगले. थेट एप्रिलच्या उन्हात टाकले तर टोकं तडकतात. धुरीच्या चवीला तड्यांनी बिघडत नाही, पण फुटलेल्या पाकळ्या ढलप्यांसारख्या भडकतात.

१२ मे

चाचणीचा ओंडका ३५१ ग्रॅम, म्हणजे २७ टक्के. अजून ओलं.

याच आठवड्यात तुलनेसाठी इतर लाकडं गोळा केली. पेरू आणि चिकू घराभोवतीच्या छाटणीतून, बाभूळ वखारीतून, डाळिंब सटाण्याकडून. बाभळीचा धूर सगळ्यांत जड. मटणाला चालतो, कोंबडीला एकच तुकडा पुरे. पेरू आणि डाळिंब मध्यम. आंब्याचा धूर सौम्य, पनीरला आणि माशाला चांगला. द्राक्षखोड पेरू आणि बाभळीच्या मध्ये कुठेतरी बसतं, किंचित आंबूस कडेचं.

यादीतून कायमची बाहेर: निलगिरी, कडुनिंब, देवदार, चीड. तेल किंवा राळ असलेलं लाकूड काजळी आणि कडवटपणा देतं. कण्हेरीचं लाकूड विषारी, ते चुकूनही विस्तवात जाता कामा नये. बंगल्यांच्या कुंपणाच्या छाटणीत कण्हेर हमखास असते, म्हणून न ओळखता येणारं लाकूड घ्यायचंच नाही. प्लायवूड, एमडीएफ, रंग किंवा पॉलिश असलेले तुकडे नाहीत. निर्यातीच्या पॅलेटचं लाकूड इथे गोदामांबाहेर सहज मिळतं, तेही नको. त्यावर ‘एमबी’ शिक्का असेल तर मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेली आहे. ‘एचटी’ असेल तर फक्त उष्णता दिलेली आहे, पण त्यावर वाटेत काय सांडलं हे शिक्का सांगत नाही. आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या बऱ्याचदा बुरशी आणि किडीविरुद्ध औषधात बुडवलेल्या असतात. सॉ मिलमधून घ्यायचाच तर न बुडवलेला, करवतीखालून नुकता निघालेला ओंडका घ्यावा.

९ जून

३२२ ग्रॅम. सुमारे १७ टक्के. ढीग तयार.

पावसाआधी भरून ठेवला: झाकणाचे प्लास्टिक ड्रम, तळाशी विटा, झाकण अर्धा बोट उघडं. पूर्ण बंद केलं आणि आत एखादा जरी ओला तुकडा राहिला तर आठवड्यात हिरवी बुरशी येते. बुरशी आलेला तुकडा तासून वापरायचा नाही, चुलीतही नाही, फेकायचा.

२३ जून

ग्रीलची तयारी. थर्मामीटर तपासून घेतले. बर्फाच्या चुऱ्यात ० अंश दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात इथे १०० नाही, सुमारे ९८ अंश, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. १०० दाखवणारा प्रोब (थर्मामीटरची टोचायची सळई) इथे दोन अंशांनी जास्त सांगतो आहे असं समजावं.

झाकणावरचं तापमानाचं घड्याळ घुमटातली गरम हवा मोजतं. त्याच वेळी जाळीवरच्या प्रोबशी तुलना केली तर २० अंशांपर्यंत फरक दिसला, तोही प्रत्येक वेळी वेगळा. म्हणून यापुढच्या सगळ्या नोंदी जाळीवरच्या, मांसापासून ३-४ सेंमीवर ठेवलेल्या प्रोबच्या.

कोळसा दोन प्रकारचा. वखारीतला बाभळीचा कोळसा लवकर पेटतो, जोरात तापतो, पण तुकडे अक्रोडापासून नारळापर्यंत. वापरण्याआधी चाळून चुरा काढायलाच हवा. चुरा खालच्या जाळीत बसला की हवा अडते आणि सगळा दोष लाकडाच्या माथी येतो. नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या) एकसारख्या असतात, त्यामुळे लांब कामाला त्याच. पेटवायला रॉकेल नाही, झटपट पेटणाऱ्या रसायन लावलेल्या ब्रिकेटही नाहीत. त्यांचा वास पुढे तासभर झाकणाखाली फिरतो. पत्र्याची चिमणी (कोळसा भरून पेटवायचं उभं नळकांडं), खाली तेलाचं बोट लावलेला वर्तमानपत्राचा बोळा, पंधरा-वीस मिनिटं.

लांब कामाची मांडणी: भिंतीलगत अर्धवर्तुळात ब्रिकेटची माळ, दोन रुंद, दोन उंच, साधारण साठ-पासष्ट नग. एका टोकाला आठ-दहा पेटलेले निखारे. लाकडाचे तुकडे माळेच्या पहिल्या अर्ध्या भागात, १२-१५ सेंमी अंतराने. मध्ये स्टीलच्या परातीत दीड लिटर गरम पाणी, त्यावर जाळी, जाळीवर मांस. परात तापमान स्थिर ठेवते आणि चरबी निखाऱ्यावर पडू देत नाही. वखारीच्या कोळशाची अशी माळ करू नये. मोठ्या तुकड्यापाशी आग उडी मारते, लहानांपाशी विझते. त्याचा ढीग दोन विटांमागे एका बाजूला लावावा, मधे खळगा करून पेटते निखारे ओतावेत.

झडपा: वरची पूर्ण उघडी आणि विस्तवाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो. तापमान फक्त खालच्या झडपेने आवरायचं. ‘धूर कोंडला तर जास्त लागेल’ म्हणून वरची झडप बंद करणं हे कडवट मांसाचं सगळ्यांत मोठं कारण आहे.

३० जून

भिजवलेलं आणि कोरडं लाकूड. १०४ ग्रॅमचा तुकडा रात्रभर पाण्यात बुडवला. सकाळी १२१ ग्रॅम. उभा फोडून पाहिला: टोकांकडून पाणी थोडं आत शिरलेलं, बाजूंनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, गाभा कोरडा. असाच दुसरा भिजवलेला तुकडा निखाऱ्यावर ठेवला तर आधी बराच वेळ पांढरी वाफ, जाळीचं तापमान खाली, आणि पाणी उडून गेल्यावर तो कोरड्या तुकड्यासारखाच जळू लागला. भिजवण्याने धूर वाढत नाही, उशिरा सुरू होतो इतकंच, आणि तोवर विस्तव थंड पडल्याने सुरुवातीचा धूर घाणेरडा निघतो.

यामागचं कारण थोडक्यात. लाकूड तापलं की आधी २०० ते ३०० अंशांच्या टप्प्यात त्यातला हेमिसेल्युलोज हा घटक फुटतो, त्यातून आंबट आणि रंग देणारे घटक येतात. मग सेल्युलोज. लिग्निन या तिसऱ्या घटकाचं विघटन सर्वांत लांब, बरंच वरपर्यंत चालतं, आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल हे धुरीच्या ओळखीच्या वासाचे घटक त्यातून येतात. पाणी असेपर्यंत लाकूड १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. उलट हवा जास्त झाली की लाकूड ज्वाळेने पेटतं आणि हे घटकही जळून जातात. धुमसणं आणि पेटणं यांच्या मधली पट्टी सांभाळणं एवढंच काम आहे. ती कोरडं लाकूड आणि हवा ठरवतात. कुठल्या झाडाचं लाकूड यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण ओल्या पेरूच्या धुरापेक्षा कोरड्या बाभळीचा धूर केव्हाही बरा.

२१ जुलै

३३८ ग्रॅम, २२ टक्के. पावसाळी हवेतला ओलावा लाकूड परत ओढून घेतं. या दिवसांत वापरायचे तुकडे आदल्या दिवशी ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन तास ठेवले. चिमणी पेटत असताना तिच्या शेजारी, वर नाही, मांडून ठेवले तरी फरक पडतो.

१८ ऑगस्ट

श्रावण, त्यामुळे पनीर, टोमॅटो आणि लसूण.

पनीर ५०० ग्रॅम, अडीच सेंमी जाडीच्या वड्या. फडक्याने टिपून तासभर पंख्याखाली. ओल्या पनीरवर धुराचे डाग पडतात, वरून ओघळ दिसतात. विस्तव अगदी लहान: सहा पेटलेल्या ब्रिकेट, त्यावर अर्धा तुकडा आंबा. परातीत पाण्याऐवजी बर्फ. जाळीवर ५५ अंशांच्या आत राहिलं. वीस मिनिटांत काढलं. पनीर धूर फार पटकन धरतं. चाळीस मिनिटं ठेवलेली वडी जिभेला बधीर करणारी निघाली. धुरी दिलेलं पनीर लगेच चाखून ठरवायचं नाही. झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं की वरचा तिखट वास आत मुरतो आणि चव बसते.

पिंपळगावचे टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर, १२० अंशांवर दीड तास, एक तुकडा द्राक्षखोड. चटणीला उत्तम. लसणाचा गड्डा वरून कापून तेल सोडून त्याच जाळीवर. भरताचं वांगं मात्र या पद्धतीने करू नये. वांग्याला साल करपायला हवी, ती थेट निखाऱ्यावरच करपते. मंद धुरीत नुसतं लिबलिबीत होतं.

२० ऑक्टोबर

३१८ ग्रॅम, १५ टक्के. ओव्हनची गरज संपली.

१० नोव्हेंबर

कोंबडी, १.२ किलो, पाठीचा कणा कापून सपाट उघडलेली. मीठ वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे १५ ग्रॅम, सगळीकडे चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी. कातडी कोरडी आणि किंचित चिकट झाली की धूर एकसारखा बसतो. दह्याचं मॅरिनेशन असेल तर धूर दह्यालाच लागतो, मांसापर्यंत पोचत नाही. दही हवं तर धुरीनंतर.

माळ नाही, एका बाजूला ढीग. दोन तुकडे द्राक्षखोड, मिळून सुमारे २०० ग्रॅम. एक तुकडा कोळशाच्या खाली पुरला, दुसरा वर कडेला. पुरलेल्या तुकड्याचा धूर तापलेल्या निखाऱ्यांतून वर येताना बराचसा स्वच्छ होतो, आणि वरचा संपत आला की तो लागतो.

मांस ठेवण्याआधी धूर पाहायचा. दाट पांढरा असेल, डोळ्यांत झोंबत असेल, तर थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांत तो विरळ, निळसर होतो, उन्हात धरल्याशिवाय धड दिसतही नाही. तेव्हाच कोंबडी जाळीवर. या विरळ धुराकडे पाहून ‘धूरच येत नाही’ म्हणत आणखी तुकडे टाकण्याचा मोह होतो. टाकू नयेत.

तापमान १४०-१५०. ११० वर ठेवलेल्या कोंबडीची कातडी रबरासारखी राहते. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश झाले की उतरवायची. साधारण सव्वा तास. कातडीखालचं मांस गुलाबी दिसतं. ते कच्चं नसतं. धुरातला नायट्रिक ऑक्साईड मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला धरतो आणि तो रंग टिकतो. खात्री रंगावरून नाही, प्रोबवरून करायची.

८ डिसेंबर

बोकडाची मांडी, १.८ किलो. मीठ २२ ग्रॅम, हळद, आलं-लसूण, दोन चमचे तेल. काळा मसाला सुरुवातीला लावला नाही. तो आधीच भाजलेला असतो, पाच-सहा तासांत कडू पडतो. शेवटच्या अर्ध्या तासात तुपात कालवून लावला.

मांडी फ्रिजमधून थेट जाळीवर. गार, ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त धरतो, म्हणून ‘आधी खोलीच्या तापमानाला आणा’ हा सल्ला इथे लागू नाही. माळेवर तीन तुकडे: दोन द्राक्ष, एक बाभूळ. जाळी १२०-१३०, खालची झडप पाव उघडी. सगळं लाकूड पहिल्या दोन-अडीच तासांत संपेल असं मांडलं. पुढे पृष्ठभाग कोरडा पडतो. तेव्हाचा धूर रंग कमी आणि काजळी जास्त देतो.

आतलं तापमान ६७ वर अडकलं आणि तासाहून जास्त हललं नाही. मांसाबाहेर येणारं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, तेवढ्यापुरतं मांस तापत नाही. इथे कोळसा वाढवायचा नाही. बोकडाच्या मांडीला चरबी कमी, त्यामुळे ७० च्या आसपास बटर पेपर आणि वरून फॉइलमध्ये अर्धी वाटी रस्सा घालून गुंडाळली. ९३ अंशांना प्रोब लोण्यात गेल्यासारखा शिरला. गुंडाळलेली तशीच पाऊण तास झाकून ठेवली, मग सोडली.

झाकण वारंवार उघडू नये. प्रत्येक वेळी हवा शिरते, धुमसणारे तुकडे ज्वाळेने पेटतात आणि तापमान आधी कोसळून मग उसळतं. तुकडा पेटलाच तर पाणी मारायचं नाही, राख उडून मांसावर बसते. झाकण लावून खालची झडप दोन मिनिटं पूर्ण बंद करायची, ज्वाळा विझली की परत पाव उघडायची.

५ जानेवारी २०२५

निफाडकडची थंडी. पहाटे लावलेल्या ग्रीलला त्याच तापमानासाठी नोव्हेंबरपेक्षा ठळक जास्त कोळसा लागला. वारा थंडीपेक्षा जास्त त्रास देतो: खालच्या झडपेत थेट शिरला तर तापमान चढतं, वरच्या झडपेवर आदळला तर धूर उलटतो. पत्र्याचा आडोसा वाऱ्याच्या बाजूने, ग्रीलपासून हातभर लांब.

गंगापूर रोडकडच्या फ्लॅटमधून बाल्कनीत हे जमेल का अशी विचारणा असते. नाही. बंदिस्त बाल्कनी, गॅरेज, पार्किंग, कुठेही नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. गच्चीवर, उघड्यावर, आणि सोसायटीची परवानगी घेऊन.

१९ जानेवारी

साफसफाई. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटतात. तो रंग नाही, साठलेली काजळी आणि चरबी आहे. कोरड्या ब्रशने झाडायची, नाहीतर पुढच्या वेळी पनीरवर पडते. तळाची राख प्रत्येक वेळी काढायची. दमट राख पत्रा खाते. राख चोवीस तास झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, मगच उकिरड्यावर. काम संपल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी नव्या कोळशाखाली वापरता येतो.

२ फेब्रुवारी

ड्रममध्ये साधारण २८ किलो तुकडे शिल्लक. दोन-तीन गोण्यांत लाकूड टोचून बारीक पिवळसर भुकटी पडलेली दिसली, म्हणजे भुंगा लागला आहे. त्यावर औषध मारायचं नाही. तुकडे ओव्हनमध्ये ८० अंशांवर तीन तास तापवले आणि वेगळ्या ड्रममध्ये ठेवले. आधी तेच संपवायचे. येत्या एप्रिलमध्ये सगळं लाकूड ड्रममध्ये भरण्याआधीच एकदा तापवून घ्यायचं. गोणीवर बागेचं गाव, द्राक्षाची जात, कापल्याची तारीख आणि चाचणीच्या ओंडक्याचं कोरडं वजन लिहायचं.